नऊ इंचांच्या अलीकडे

खंडेनवमीचा पाट आमच्या घरी आता इथल्या चालीने मांडला जातो. म्हैसूरकर तिला आयुधपूजा म्हणतात. विजयनगरच्या फोर्थ स्टेजमधल्या आमच्या गल्लीत त्या दिवशी सकाळपासून बादल्यांचा आवाज असतो. स्कूटर, मोटारी, रिक्षा धुऊन काढतात, हँडलला झेंडूच्या माळा आणि केळीची कोवळी रोपं बांधतात. दुपार होईपर्यंत रस्ताभर कुंकू भरून फोडलेले कोहळे पडलेले असतात. तिकडे राजवाड्यात पट्टद कत्तीची, म्हणजे राजगादीच्या तलवारीची पूजा होते. आमच्या पाटावर पाना, पक्कड, बायकोची शिवणाची कात्री, विळी आणि मुलीचा लॅपटॉप. आणि त्यांच्यापुढे दोन पाती, एक लांब आणि एक आखूड. लांब ती कोयती, कुडाळच्या बाजारातून आणलेली, पातं अकरा इंचांचं. आखूड चाकूचं पातं जेमतेम चार इंच.

यंदा पूजा झाल्यावर मुलीने दोन्ही पाती उचलून हातात तोलली. ती पोन्नंपेटच्या वनशास्त्र महाविद्यालयात शिकते. सुट्टी संपली की कोडगूमधल्या देवराया पाहायला, तिथली झाडं मोजायला जाणार होती. म्हणाली, "बाबा, एकच न्यायचं म्हटलं तर लांब नेऊ की आखूड?"

मिटणारा चाकू तिच्याकडे होता. पण त्याच्या बिजागरीत माती गेली की तो धड उघडत नाही आणि धड मिटत नाही, आणि ऐन जोर दिल्यावर बोटांवर मिटला तर काय होतं ते तिने एकदा पाहिलं होतं. रानात न्यायचं पातं अखंडच हवं, लोखंड मुठीच्या आत शेवटपर्यंत गेलेलं. तिथवर आमचं एकमत होतं. प्रश्न फक्त लांबीचा होता. त्या क्षणी मला उत्तर देता आलं नाही, आणि त्याचं कारण त्या दोन पात्यांतच होतं.

मी १९८६ साली म्हैसूरला आलो. कुडाळहून एसटीने आंबोली घाट चढून बेळगाव, तिथून मीटरगेजची गाडी, अरसीकेरेला बदलून हसनमार्गे म्हैसूर. लोखंडी ट्रंकेत दोन सदरे, एक भांडं आणि आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कोयती होती. कोयती आईने घातली. परक्या मुलखात नारळ लागेल, जळण लागेल, वाटेत झाडोरा लागेल, असं ती म्हणाली. म्हैसूर हे डांबरी रस्त्यांचं शहर आहे हे तिला सांगून पटलं नसतं, आणि पुढच्या काळाने तिचंच खरं केलं. विजयनगरात जागा घेतली तेव्हा फोर्थ स्टेजमध्ये घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते आणि प्लॉटांपेक्षा घाणेरी जास्त. तीच टणटणी, तोच लँटाना. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी शोभेचं झाड म्हणून आणला आणि आता बंडीपूर, नागरहोळे, बिळिगिरीरंगन बेट्टाच्या रानांत गवताला जागा ठेवली नाही त्याने. आमच्या प्लॉटवरचा पहिला रस्ता मी आबांच्या कोयतीने पाडला.

कोयतीची लांबी काय करते ते त्या आठवड्यात मला कळलं. मनगटापासून टोकाचं अंतर दुप्पट झालं की त्याच झटक्यात टोक दुप्पट वेगाने फिरतं, आणि वेग दुप्पट झाला की घावातला जोर चौपट होतो. म्हणून लांब पातं हाताने नव्हे, वजनाने कापतं. हाताने ते फक्त उचलायचं आणि सोडायचं. घाणेरीसारखी काटेरी, लवचीक झुडपं आखूड पात्याने कापायची तर अंगाला भिडावं लागतं, फांदी धरावी लागते, बोटं रक्ताळतात. कोयती ते काम दोन हात दुरून करते. शिवाय तिचं नाक खाली वळलेलं असतं. त्या वाकड्या टोकाने वेल ओढून घ्यायचा आणि मग तोडायचा. मातीत, दगडात घाव पडला तर आधी ते नाक आपटतं, धार वाचते. हे ज्याने पहिल्यांदा घडवलं त्याला बांबूचं बेट, केळीचा गड्डा, नारळीचं झाप आणि जांभा दगड या चारही गोष्टी माहीत होत्या.

पण लांबीला एक दुसरी बाजू आहे. चौथ्या दिवशी संध्याकाळी एक फांदी दिसायला जाड होती आणि आतून वाळून पोकळ झालेली होती. घाव तिच्यात थांबेल असं धरून मी पूर्ण जोर लावला. तो थांबला नाही. कोयती फांदीतून पार झाली आणि माझ्या डाव्या नडगीला लागली. सात टाके. खूण अजून आहे. चूक माझीच होती. लहानपणी आबांनी हजारदा सांगितलं होतं, "कोयती खय थांबतली ता आदी बग, मगे घाव घाल." जे कापायचं त्याच्यामागे काय आहे हे पाहायचं, आणि मी फक्त फांदी पाहिली होती. आखूड पात्याने ही चूक होऊच शकत नाही असं नाही, पण त्याला एवढा पल्ला नसतो. ते ज्याला टेकतं तेवढंच कापतं.

आपल्या भाषेने लांब आणि आखूड ही दोन घरं फार आधीच वेगळी केली आहेत, हे मला इथे कन्नडच्या शेजारी राहून नीट उमगलं. सुरा आणि सुरी, कोयता आणि कोयती, पळा आणि पळी, डबा आणि डबी. मराठीत मोठं ते पुल्लिंगी, लहान ते स्त्रीलिंगी. पण लिंगाबरोबर नुसता आकार बदलत नाही, मनातलं चित्रही बदलतं. सुरी म्हटलं की कांदा दिसतो, सुरा म्हटलं की अंधारी गल्ली. लोखंड तेच, चार-पाच बोटांची लांबी वाढली, आणि शब्द स्वयंपाकघरातून कोर्टात गेला. कायद्यानेही ही रेघ कुठेतरी आखायची म्हणून आखली आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम यांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रात मोडतं. मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी घडवलेलं पातं त्यातून वगळलं आहे. म्हणजे माझी अकरा इंचांची कोयती नारळीखाली अवजार आहे. उद्या कुणी तीच घेऊन रात्री रस्त्यावर उभा राहिला तर ती काय आहे हे तिच्या लांबीवरून सांगता येणार नाही, त्याच्या हेतूवरूनच सांगता येईल. गेल्या काही वर्षांत पुण्याच्या बातम्यांत 'कोयता गँग' हा शब्द वाचला की मला खरोखर वेदना होतात. कारण त्याच कोयत्याच्या नावाने मराठवाड्यात माणसं मोजतात. ऊसतोडीला निघालेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता', मुकादमाची उचल त्या हिशेबाने मिळते. बीडहून कारखान्यांकडे बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून जे कोयते निघतात ते दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत थंडीत, पाचटात, पोरंबाळं फडाच्या कडेला ठेवून राबतात. ज्या शब्दात एवढे कष्ट साठले आहेत तो शब्द गुंडांना असा फुकट देऊन टाकणं मला मान्य नाही.

आता आखूड पात्याचं सांगतो. ते बाजारातून आलेलं नाही. ती आबांचीच कोयती आहे.

आबांची कोयती ट्रकच्या जुन्या पाट्यापासून केलेली होती. कमानपाट्याचं पोलाद धक्के सोसण्यासाठीच बनवलेलं असतं, त्यामुळे गावोगावचे लोहार तेच पसंत करतात. आबांनी ती वीस वर्षं वापरली, मी म्हैसूरला आणखी वीस. दर पावसाळ्याआधी कानस, दर आठवड्याला दगड. धार लावणं म्हणजे दर वेळी लोखंडाचा एक कण देऊन टाकणं, हे तेव्हा जाणवत नाही. एके दिवशी पाहिलं तर मधलं पोट आत गेलेलं, नाक जवळजवळ सरळ झालेलं, पातं इतकं अरुंद की घावात वजनच उरलं नव्हतं. नारळ फुटायचा नाही, नुसता चिरायचा. हुणसूर रस्त्याला हिनकलच्या पुढे तेव्हा एक कम्मार, म्हणजे लोहार, रस्त्याकाठी भाता लावून बसायचा. त्याच्याकडे घेऊन गेलो. त्याने पातं उलटंसुलटं केलं, अंगठ्याने टिचकी मारून नाद ऐकला आणि मला विचारलं, "उद्द बेका, गिड्ड बेका?" लांब हवं की आखूड? मी म्हटलं, लांब. तो हसला नाही, मान हलवली. म्हणाला, यातलं लांब संपलं. आता यात गिड्डच आहे.

तो दीड तास मी त्याच्या शेजारी उकिडवा बसून होतो. त्याने मधला धड तुकडा छिन्नीने तोडून घेतला, तापवून ठोकला, पुन्हा तापवून चेरीसारखा लाल झाल्यावर तेलात बुडवला. मग एका विटेवर घासून पातं चकचकीत केलं आणि निखाऱ्यांवर धरलं. तापलेल्या चकचकीत पोलादावर रंग चढत जातात. आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा असताना थांबवलं तर धार कडक राहते पण पातं ठिसूळ, निळ्यापर्यंत नेलं तर ते लवचीक होतं पण धार लवकर जाते. तो पिवळ्यावरून तपकिरी होता होताच थांबला आणि पाण्यात बुडवलं. का, म्हणून विचारलं. त्याचं म्हणणं असं की लांब पातं आपटायचं असतं, त्याला सोसता आलं पाहिजे म्हणून ते नरम ठेवायचं, आणि आखूड पातं आपटायचं नसतं, त्याने कापायचं असतं, म्हणून ते कडक चालतं. लांबी ही नुसती मापाची गोष्ट नाही, त्या लांबीला साजेसा स्वभाव आतून द्यावा लागतो, हे मी त्या दिवशी रस्त्याच्या कडेला शिकलो.

या मुलखाला पोलादाची ओळख नवी नाही. फ्रान्सिस बुकानन १८००-०१ मध्ये टिपूनंतरच्या म्हैसूर राज्यातून फिरला तेव्हा मातीच्या मुशीत लोखंड आणि लाकडाचे तुकडे घालून पोलाद करणाऱ्या भट्ट्या त्याने पाहिल्या आणि तपशिलाने लिहून ठेवल्या. कन्नडमध्ये पोलादाला उक्कु म्हणतात. युरोपात ज्याचा बोलबाला झाला त्या वुट्झ पोलादाचं नाव याच शब्दावरून गेलं असावं असं मानतात. माझ्या कम्माराने बुकाननचं नाव ऐकलं नव्हतं. पण निखाऱ्यावर रंग चढताना त्याने श्वास धरला होता, ते मी पाहिलं.

लांब की आखूड हा प्रश्न जिथे जिथे माणूस रानात राहिला तिथे तिथे पडलेला आहे, आणि बहुतेक ठिकाणी उत्तर 'दोन्ही' असंच आलं आहे. गुरख्यांच्या खुकुरीच्या म्यानात मोठ्या पात्यामागे दोन छोटी पाती खोचलेली असतात. त्यांतलं एक बारीक कापायला आणि दुसरं, चकमक, धार परजायला आणि ठिणगी पाडायला. उत्तर युरोपातले सामी लोक रेनडियरच्या मागे फिरताना लाकूड तोडायला लांब रुंद सुरा आणि सोलायला-कोरायला आखूड चाकू, असं दोन्ही बाळगत आले. कॅनडातला रानविद्येचा शिक्षक मॉर्स कोचान्स्की मात्र हिशेबी होता. सर्वसाधारण कामाला पातं आपल्या तळहाताच्या रुंदीएवढं पुरे, मोठ्या कामाला कुऱ्हाड आहे, असं तो शिकवत असे. मी हे वाचल्यावर कम्माराने केलेलं पातं तळहातावर आडवं ठेवून पाहिलं. करंगळीच्या कडेपासून पहिल्या बोटाच्या कडेपर्यंत बरोबर बसलं. त्या माणसाने माझा हात कधी मोजला होता कोण जाणे.

आणि इथे, शंभरेक किलोमीटरवर, कोडगू. कोडवांच्या पोशाखात पाठीशी ओडिकत्ती असते, रुंद आणि वळलेली, पितळी पकडीत उघडी अडकवलेली. पुढे कमरेला पीचेकत्ती, चांदीच्या साखळीची, आखूड. ती पाठीवरची पकड पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला भरून आलं, कारण ती आमच्या आकडीची बहीण होती. कोकणातही कोयती म्यानात नसते. कमरेला दोरीने बांधलेल्या आकडीत ती मागे उघडी लटकते, चालताना हलत राहते. दोन्हीकडे चार महिने पाऊस. मला वाटतं, चामड्याचं म्यान बुरशीने कुजतं आणि ओल्या म्यानात लोखंड गंजतं, हे दोन्ही मुलखांना वेगवेगळं कळलं असणार. त्यांच्याकडे लग्नात ओडिकत्तीने केळीचे खांब एका घावात तोडायची चाल आहे. आणि सप्टेंबरात कैल पोळ्दु, भातलावणी संपल्यावरचा आयुधांचा सण. शेतीच्या दिवसांत शस्त्रं देवघराच्या खोलीत ठेवून द्यायची, लावणी झाली की पुजून बाहेर काढायची. म्हैसूरच्या दसऱ्यात बन्नीमंटपाकडे जाणारी मिरवणूक पाहताना मला नेहमी तेच आठवतं. बन्नी म्हणजे शमी. पांडवांनी वर्षभरासाठी आपली आयुधं त्याच झाडावर ठेवली होती.

तर मुलीचा प्रश्न. रात्रभर मी तो मनात घोळवला. लांब पातं दिलं तर तिला वाट पाडता येईल, जळण फोडता येईल, केळीचं पान एका हाताने उतरवता येईल. अडचणीच्या वेळी लांब पातं आखडून धरून बारीक काम कसंबसं होतं, आखूड पात्याने झाड मात्र कधीच पडत नाही. हा लांबीच्या बाजूचा सगळ्यात खरा मुद्दा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण ती जिथे जाणार तिथे झाड पाडायचंच नव्हतं. कोडगूत बाराशेच्या वर देवराया आहेत, देवरकाडु म्हणतात त्यांना. तिथलं पान तोडणंही वर्ज्य. तिला दोरी कापायची होती, मोजलेल्या झाडाला बांधलेली पाटी सोडवायची होती, पेन्सिलला टोक काढायचं होतं, फळ चिरायचं होतं. आणि वाटेत आनेचौकूरच्या चौकीपासून नागरहोळेचं रान सुरू होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्याराच्या व्याख्येत चाकू शब्दशः आहे, आणि परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही. तिथे नऊ इंचांची सवलत नाही. तिथे चार इंचही जास्तच. हे तिला मी सकाळी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ते आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, बाबा. बसमधून जाताना चाकू पिशवीत तळाशी असेल, आणि अभयारण्यात काम असेल त्या दिवशी तो खोलीवरच राहील.

मग मी तिला आखूड पातं दिलं. देण्याआधी सहाणेवर पाणी घालून तासभर धार लावली. सरळ, एका कोनात, दोन्ही बाजूंनी मोजून तितकेच हात. तिने विचारलं, एवढं का? म्हटलं, बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की तो घसरतो. धारदार पात्याने हात कमी कापतो. मूठ मी जुन्या फणसाच्या लाकडाची बसवलेली आहे. ती तिच्या हाताला थोडी मोठी होते, पण घामाने ओली झाली तरी सुटत नाही.

कोयती पाटावरून उचलून मी मागच्या दारी नारळीखाली नेली आणि सुकलेली झापं उतरवली. प्रत्येक घावाआधी, तीस वर्षांची सवय म्हणून, मागे काय आहे ते पाहिलं.

दहा दिवसांनी तिचा फोन आला. देवरकाडूच्या हद्दीवर एक दगड होता. तिथल्या गावचे एक म्हातारे आजोबा बरोबर आले होते, त्यांनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि लोखंड बाहेर ठेवायला सांगितलं. मळ्यातून थेट आलेल्या चार माणसांनी आपापल्या लांब कत्त्या कमरेवरून काढून दगडाशी मांडल्या, तिने आपला चाकू त्यांच्या शेजारी ठेवला. दिवसभर आत झाडं मोजली. संध्याकाळी बाहेर आल्यावर आजोबांनी आपली कत्ती उचलायच्या आधी तिचा चाकू उचलला, धार अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहिली, पातं उजेडात धरून त्याची पाठ निरखली आणि विचारलं की हे आधी काय होतं.

"तू काय सांगितलंस?" असं मी विचारणार होतो, पण तीच म्हणाली, "मी सांगितलं, माझ्या आजोबांची कोयती होती."